पन्हाळ्यावरचे दोन दिवस: एका नेतृत्व-शिबिराचे परीक्षण, तीन महिन्यांनंतर

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाच वाजता, एका हातात चहाचा कागदी कप आणि दुसऱ्या हातात लॅमिनेट केलेले प्रमाणपत्र अशा अवस्थेत आमच्यापुढे अभिप्रायाचा फॉर्म आला. ‘या शिबिरामुळे तुमच्या निर्णयक्षमतेत किती वाढ झाली?’ हा त्यातला पहिलाच प्रश्न होता आणि त्यापुढे पाच चांदण्या छापलेल्या होत्या. गेल्या दोन दिवसांत जेवणात भाकरी घ्यावी की चपाती याखेरीज मी एकही निर्णय घेतलेला नसल्यामुळे, निर्णयक्षमता वाढली की नाही हे मला सांगता येईना. मी फॉर्मची घडी करून खिशात ठेवली. तो फॉर्म परत मागायला कोणी आले नाही. मे महिन्यातल्या त्या शिबिराला आता तीन महिने झाले आहेत, आणि चांदण्यांऐवजी चार शब्दांत अभिप्राय द्यावा, म्हणजे असे शिबिर घ्यावे की न घ्यावे या विचारात असलेल्या दुसऱ्या एखाद्या लहान कारखानदाराला त्याचा उपयोग होईल, असे वाटल्यावरून हे लिहीत आहे. संस्थेचे नाव मात्र मी देणार नाही. एकाच अनुभवावरून कोणाच्या धंद्यावर बोट ठेवणे योग्य नाही, आणि अशा शिबिरांचा साचा बहुतेक ठिकाणी सारखाच असतो.

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आमची लहान फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, आहे. ग्रे आयर्नचे, म्हणजे बिडाचे, कास्टिंग आम्ही करतो आणि दोन पाळ्या मिळून चाळीसच्या आसपास माणसे काम करतात. वडिलांच्या काळात कारखाना त्यांच्या आवाजावर चालत असे. ते निर्णय घेत, शेड तो पाळत असे, आणि निर्णय चुकला तर तो चुकला हे सांगण्याची छाती फक्त आईची होती. माझा आवाज तेवढा मोठा नाही, परंतु माझ्या काळातही फारसे काही बदललेले नाही हे मला गेल्या वर्षी कळून आले, कारण वर्षभरात दोन चांगले सुपरवायझर सोडून गेले आणि दोघांनीही जाताना ‘घरची अडचण’ हेच कारण सांगितले. पुढे महिन्याभरात दोघेही याच वसाहतीत, माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून, कामाला लागले. माणूस खरे कारण आपल्याला सांगत नाही, याचा अर्थ ते सांगण्याजोगी जागा आपण ठेवलेली नाही, एवढे समजण्यासाठी शिबिराची गरज नव्हती. ती जागा कशी करायची हे मात्र मला ठाऊक नव्हते, आणि ते शिकण्याच्या अपेक्षेने मी गेलो.

शुल्क माणशी साडेनऊ हजार रुपये होते. मी, आमचे फोरमन आणि गुणवत्ता विभागातली तरुण इंजिनिअर असे तिघे गेलो, म्हणजे अठ्ठावीस हजार पाचशे, आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी धरून तेहतीस हजार सहाशे तीस रुपये. यात पन्हाळ्यावरच्या एका हॉटेलात एक रात्र मुक्काम, दोन दिवसांचे जेवण, एक पिशवी, एक चकचकीत वही, पेन आणि ते प्रमाणपत्र आले. फोरमन वडिलांच्या वेळचे आहेत. सगळी शेड त्यांना मामा म्हणते आणि मीही म्हणतो. ‘साहेब, दोन दिवस शेड सोडून तिथं बसून करायचं काय?’ हा त्यांचा प्रश्न मी निघेपर्यंत टाळला. खरे तर तोच प्रश्न मी संस्थेला आधी विचारायला हवा होता. माहितीपत्रकात ‘परिवर्तन’ हा शब्द अनेकदा होता, परंतु कोणत्या तासाला काय करणार याचे वेळापत्रक नव्हते. असे वेळापत्रक मागून घ्यावे आणि ते मिळत नसेल तर पैसे भरण्याची घाई करू नये, असे आता मी कोणालाही सांगेन.

पहिला दिवस मुख्य प्रशिक्षकांचा होता. गृहस्थ बोलके, आवाज खणखणीत आणि माइकशी जुनी मैत्री असलेले. त्यांच्या बोलण्यावर हॉल हसत होता, टाळ्याही पडत होत्या, आणि ते कंटाळवाणे होते असे म्हटल्यास ते खोटे ठरेल. माझी तक्रार वेगळी आहे. त्या दिवशी जे जे ठामपणे सांगितले गेले, त्यातले बरेचसे खरे नाही.

सुरुवात गरुडाने झाली. गरुड सत्तर वर्षे जगतो, चाळिसाव्या वर्षी त्याची चोच वाकते आणि नखे बोथट होतात, मग तो डोंगरावर जाऊन खडकावर चोच आपटून तोडतो, नवी चोच आली की तिने नखे उपटतो, नख्या आल्या की पिसे उपटतो, आणि पाच महिन्यांनी नवा जन्म घेऊन पुढची तीस वर्षे जगतो. ही गोष्ट आपल्यापैकी प्रत्येकाच्या मोबाइलवर कधी ना कधी येऊन गेलेली आहे. रानातला कोणताही गरुड सत्तर वर्षे जगत नाही, पिसे गळणे आणि नवी येणे हा त्याच्या आयुष्यभर चालणारा क्रम आहे, आणि चोच मुळापासून तुटलेला शिकारी पक्षी पाच महिने उपाशी राहून नवा जन्म घेत नाही, तो मरतो. जेवणाच्या सुट्टीत मामा मला म्हणाले, ‘पाच महिनं खातंय काय ते?’ एका शिबिरार्थीने मांडलेली ही शंका त्या दिवसातली सर्वांत नेमकी विचारक्रिया होती असे माझे मत आहे, पण ती मांडायला हॉलमध्ये जागा नव्हती. वय झाल्यावर माणसाने बदलावे, हे सांगायला गरुडाची खोटी साक्ष कशाला लागते, हे मला समजत नाही.

त्यानंतर पडद्यावर आकडे आले. संवादात शब्दांचा वाटा फक्त सात टक्के, आवाजाचा अडतीस आणि देहबोलीचा पंचावन्न. हे आकडे आल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ मधल्या दोन प्रयोगांवरून आलेले आहेत, परंतु ते प्रयोग एकेकटे शब्द, ते उच्चारण्याचा सूर आणि चेहऱ्याचे फोटो यांवरून समोरच्याला आपल्याबद्दल आवड आहे की नावड, हे माणसे कसे ओळखतात याचे होते. हे सूत्र भावना आणि आवडनिवड यांच्यापलीकडे लावू नये, असे खुद्द मेहराबियन यांनी स्पष्ट केलेले आहे. वितळलेले लोखंड ओतताना आमच्या शेडमध्ये आवाज इतका असतो की सगळे बोलणे हातवाऱ्यांवर चालते, त्यामुळे देहबोलीचे महत्त्व मला कोणी पटवून द्यायला नको. परंतु त्याच शेडमध्ये साच्याच्या वाळूत पाणी किती घालायचे हे देहबोलीने सांगता येत नाही. शब्दांची किंमत खरोखर सात टक्के असेल, तर दोन दिवस शब्दच विकणाऱ्या शिबिराने शुल्क त्या हिशेबाने घ्यायला हरकत नव्हती.

दुपारी येल विद्यापीठातल्या १९५३ च्या विद्यार्थ्यांची कथा झाली. ज्या तीन टक्के विद्यार्थ्यांनी आपली ध्येये कागदावर लिहिली होती, त्यांनी वीस वर्षांनी उरलेल्या सत्त्याण्णव टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीपेक्षा जास्त संपत्ती मिळवली, अशी ती कथा. असा अभ्यास झाल्याचे येललाच आढळलेले नाही. त्यापाठोपाठ एकवीस दिवसांत सवय लागते हे सूत्र आले. याचे मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या सुमारास केलेल्या निरीक्षणात आहे. बदललेल्या चेहऱ्याची ओळख पटायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात, असे त्यांना दिसले होते, आणि त्यातला ‘किमान’ हा शब्द वाटेत गळून पडला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी शहाण्णव जणांना घेऊन केलेल्या अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडायला साधारण सहासष्ट दिवस लागले, आणि माणसामाणसातला फरक अठरा दिवसांपासून दोनशे चोपन्न दिवसांपर्यंत होता. हा फरक किरकोळ नाही. शेडमध्ये नवी पद्धत लावताना बाविसाव्या दिवशी माणसे जुन्या पद्धतीवर आली, की एकवीस दिवसांवर विश्वास ठेवलेला मालक ‘ही माणसेच सुधारणारी नाहीत’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. मी स्वतः हे पूर्वी केलेले आहे.

ही सगळी तपासणी मी घरी आल्यावर केली. ती करायला फार विद्वत्ता लागली नाही, दोन संध्याकाळी पुरल्या. जो विषय चांगल्या-वाईटाची पारख हाच आहे, तो शिकवणाऱ्याने स्वतःच्या गोष्टी तेवढ्याही पारखून घेऊ नयेत, याचे मला वाईट वाटले. आमच्याकडे गिऱ्हाइकाला कास्टिंग पाठवण्याआधी तपासणीचा कागद सोबत जातो. गोष्टीला तसा कागद कोणी मागत नाही.

पहिल्या दिवसाचा शेवट शिवाजी महाराजांवरच्या व्याख्यानाने झाला, आणि ज्या गडावर आम्ही बसलो होतो तिथे ते होणे स्वाभाविकच होते. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा, जुलैमधली पावसाची रात्र, दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेषात बसून मरणाला सामोरा गेलेला शिवा काशीद आणि खिंड लढवणारे बाजीप्रभू. हे ऐकताना आजही अंगावर काटा येतो आणि त्या संध्याकाळीही आला. परंतु चार महिने तो गड लढला कशाच्या बळावर, हा प्रश्न कोणाच्या मनात आला नाही. आमच्या हॉलपासून चालत थोड्याच अंतरावर अंबरखाना आहे. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी नावे असलेली ती धान्याची प्रचंड कोठारे पाहिली, की वेढा पडण्याच्या कितीतरी आधी, कोणाला टाळ्या वाजवाव्याशा वाटणार नाहीत असे निर्णय घेणारी माणसेही इथे होऊन गेली, हे कळते. आम्हाला तिकडे नेले नाही. वातानुकूलित हॉलमध्ये पडद्यावर गडाचा फोटो दाखवला गेला, आणि तो गड खिडकीबाहेर होता. दुसऱ्या दिवशी पहाटे मी आणि मामा आपले आपण अंबरखान्यापर्यंत जाऊन आलो. मामांनी भिंतीवर थाप मारून पाहिली आणि आत ओल येत नसणार असे मत दिले. या थापेला पुढे अर्थ आला, म्हणून ती नोंदवून ठेवतो.

जेवणाबद्दल एवढेच की तांबडा-पांढरा चांगला होता. कोल्हापूरच्या माणसांना बोलावून तो वाईट देण्याचे धाडस कोणी करत नाही. खोल्या स्वच्छ होत्या, गरम पाणी सकाळी सहा ते आठच. चकचकीत वहीच्या प्रत्येक पानावर ‘आज मी कृतज्ञ आहे’ असे छापलेले असल्यामुळे ती माझ्या मुलीने चित्रांसाठी घेतली. एकमेकांच्या हातांवर मागे पडून विश्वास सिद्ध करण्याचा खेळही झाला. पंचवीस वर्षे वितळलेल्या लोखंडाजवळ एकमेकांच्या भरवशावर उभ्या राहिलेल्या माणसाला गादीवर पाडून विश्वास शिकवणे मला अप्रस्तुत वाटले, पण मामा हसत हसत पडले.

या शिबिराचे परीक्षण इथेच संपले असते, तर मी त्यासाठी लेखणी उचलली नसती. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहा ते साडेबारा हे दोन तास सहायक प्रशिक्षिकेकडे होते. त्या तिशीच्या आतल्या, हळू बोलणाऱ्या, आणि आदल्या दिवशी प्रामुख्याने मार्कर पेने वाटताना दिसलेल्या होत्या. माझ्या मते त्या तेहतीस हजारांतले जवळजवळ सगळे या दोन तासांचे होते.

त्यांनी आधी जोहरी खिडकी काढली. माझ्या शेजारी बसलेल्या एका सद्गृहस्थांची अशी समजूत झाली की हे जोहरी म्हणजे गुजरीतले कोणी सराफ असावेत, आणि खऱ्या-खोट्याच्या पारखीचा विषय असल्याने ती समजूत अगदीच गैर नव्हती. प्रत्यक्षात जोसेफ लुफ्ट आणि हॅरी इंगम या दोघांच्या पहिल्या नावांवरून हा शब्द १९५५ मध्ये तयार झाला. चार कप्प्यांची ही खिडकी आहे: आपल्याला आणि इतरांना दोघांनाही दिसते ते, फक्त आपल्याला ठाऊक असलेले, इतरांना दिसते पण आपल्याला दिसत नाही ते, आणि कोणालाच माहीत नसलेले. बाईंनी त्यावर भाषण केले नाही. प्रत्येक कारखान्याच्या गटाला एक प्रश्न दिला: ‘तुमच्या साहेबांची अशी एक सवय लिहा, जी त्यांना स्वतःला दिसत नसेल.’ नावे लिहायची नव्हती, पण आम्ही तिघेच असल्याने त्याला अर्थ नव्हता. दोन चिठ्ठ्या माझ्यापुढे आल्या. एकीवर सुबक अक्षरात होते, ‘सर प्रश्न विचारतात तेव्हा उत्तर त्यांनी आधीच ठरवलेले असते.’ दुसरीवर, खाडाखोड करून, ‘साहेब ऐकताना फोन बघतात.’

मी फोन खिशात ठेवला. तोपर्यंत तो माझ्या हातात होता.

पुढचा भाग मी जरा विस्ताराने सांगतो, कारण कोणालाही तो आपल्या कारखान्यात, शाळेत किंवा सोसायटीच्या कार्यकारिणीत फुकट करून पाहता येईल. याला प्री-मॉर्टेम म्हणतात आणि गॅरी क्लाइन या अमेरिकन संशोधकाने २००७ मध्ये लिहिलेल्या एका लेखामुळे ही पद्धत व्यवस्थापनाच्या जगात माहीत झाली. पोस्टमॉर्टेम मेल्यावर होते आणि त्याचा मेलेल्याला उपयोग नसतो. इथे निर्णय अमलात येण्याआधीच असे धरून चालायचे की वर्ष उलटून गेले आहे आणि तो निर्णय साफ फसलेला आहे. मग प्रत्येकाने, एकमेकांशी न बोलता, तो का फसला याची कारणे लिहायची. ‘काही अडचण येईल का?’ असे विचारले तर हाताखालचा माणूस ‘नाही साहेब, होईल’ असे म्हणतो, कारण अडचण दाखवणे म्हणजे साहेबांच्या निर्णयावर शंका घेणे. निर्णय फसलेलाच आहे असे साहेबांनीच एकदा मान्य केले, की कारण शोधणे हे हुशारीचे काम ठरते, उद्धटपणाचे राहत नाही. बाईंनी यात स्वतःची एक अट घातली होती. कारखान्याच्या मालकाने आपली चिठ्ठी सर्वांत शेवटी वाचायची आणि तोपर्यंत चेहऱ्यावरची रेषही हलू द्यायची नाही. मला त्यातला दुसरा भाग जमला नाही.

या सरावासाठी आम्ही जो निर्णय निवडला, तो खरा होता. पुण्याच्या एका नव्या गिऱ्हाइकाकडून पंपाच्या भागाचे काम मी एप्रिलमध्ये स्वीकारले होते. भिंत नेहमीपेक्षा पातळ, आतला पोकळ भाग वेडावाकडा, आणि पहिला लॉट जुलैअखेर द्यायचा. माझ्या चिठ्ठीवर मी लिहिले, ‘पैसे उशिरा आले.’ इंजिनिअर मुलीने लिहिले, ‘ड्रॉइंग तीनदा बदलले आहे, चौथ्यांदा बदलले.’ मामांच्या चिठ्ठीवर एकच ओळ होती: ‘जुलैत कोअर ओल धरतोय.’

फाउंड्रीशी संबंध नसलेल्यांसाठी सांगतो. कास्टिंगच्या आत पोकळी हवी असेल, तर साच्यात वाळूचा एक गाभा बसवावा लागतो, त्यालाच आम्ही कोअर म्हणतो. आमच्याकडे तो वाळूत सोडियम सिलिकेट मिसळून आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड सोडून कडक करतात. हे कोअर कोरड्या हवेत टिकतात, पण कोल्हापूरच्या पावसाळ्यात दोन दिवस पडून राहिले की हवेतले पाणी शोषतात आणि ठिसूळ होतात, आणि अशा ओलसर कोअरवर तेराशे अंशांच्या वरचे लोखंड आले, की पाण्याची वाफ होऊन कास्टिंगच्या अंगात फोड राहतो. जाड भिंतीत असा एखादा फोड खपून जातो. पातळ भिंतीत तो आरपार जातो. हे मामांना माहीत होते, मला माहीत होते, वसाहतीतल्या कोणत्याही पोऱ्याला माहीत आहे. तरीही एप्रिलमध्ये तारीख कबूल करताना जुलै म्हणजे पाऊस, ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती, कारण मी त्या वेळी फक्त दर आणि उधारीचे दिवस यांवर घासाघीस करत होतो.

‘मामा, हे तेव्हाच का बोलला नाहीत?’ मी विचारले.

‘तुम्ही हो म्हणूनच आला होता की साहेब. मग आम्ही काय बोलायचं?’

त्या वाक्यात ना राग होता ना तक्रार. आमच्या शेडमध्ये कामाची जी रीत आहे, ती त्यांनी मला समजावून सांगितली, एवढेच. ते दोन सुपरवायझर का गेले, याचे उत्तर मला तिथे मिळाले असे मी म्हणत नाही, परंतु ‘घरची अडचण’ या उत्तरामागे काय असू शकते याचा अंदाज आला.

परत आल्यावर आम्ही शेडच्या मागची भंगाराची खोली रिकामी केली, भिंतींना आतून प्लास्टर केले, जुनी कोअर भाजायची भट्टी दुरुस्त करून तिथे बसवली, आणि आज केलेला कोअर आजच साच्यात जाईल असे पाळीचे वेळापत्रक बदलले. खोलीची जागा मामांनी भिंतीवर थाप मारूनच ठरवली. पहिला लॉट जुलैच्या शेवटच्या आठवड्यात गेला. त्यात फोडांचे रिजेक्शन नव्हते. परंतु पातळ भिंत जिथे जाड भागाला मिळते, तिथे लोखंड आकसून पोकळी पडली, अर्धा लॉट परत आला आणि रायझरची, म्हणजे आकसणाऱ्या लोखंडाला भर पुरवणाऱ्या साच्यातल्या साठ्याची, जागा बदलून तो पुन्हा ओतावा लागला. तिघांच्या तीन चिठ्ठ्यांत हे कारण कुठेच नव्हते. म्हणून ही पद्धत म्हणजे सगळे आधीच कळण्याची विद्या आहे, अशा समजुतीने कोणी करू नये. जे शेडमध्ये कोणाला तरी ठाऊक आहे ते टेबलावर यावे, इतकेच तिच्याकडून मिळते, आणि मला तेवढेही आजवर मिळत नव्हते.

बाईंनी जाता जाता दहा मिनिटांत सांगितलेली आणखी एक गोष्ट मी करत आहे, ती म्हणजे निर्णयांची वही. छापील कृतज्ञतेची नव्हे, तर नाक्यावरच्या दुकानातून आणलेली साधी दोनशे पानी फुलस्केप. निर्णय घेतला त्याच दिवशी तारीख, निर्णय, कारणे, त्या वेळी काय माहीत नव्हते, आणि आपल्या अंदाजाने काय होईल, हे पाच-सहा ओळींत लिहायचे. हिशेबाची रोजकीर्द जशी त्याच दिवशी लिहायची असते, मागाहून आठवून लिहिली तर तिला किंमत नसते, तसेच हे आहे. निकाल लागल्यावर आपली आठवण निकालाप्रमाणे वळते आणि ‘मला आधीच वाटत होते’ असे आपण प्रामाणिकपणे म्हणू लागतो. जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, निर्णय घेणाऱ्यापुढे असलेली माहिती तीच असतानाही, निकाल चांगला लागला तर लोक निर्णयाला चांगले म्हणतात आणि वाईट लागला तर वाईट, असे दाखवले होते. मला यासाठी प्रयोगाची गरज नव्हती. वडिलांनी एका वर्षी भाव वाढणार या अंदाजाने पिग आयर्न, म्हणजे ओतकामाचे कच्चे लोखंड, एकदम भरून ठेवले आणि भाव वाढला, तेव्हा वसाहतीत त्यांच्या दूरदृष्टीची चर्चा झाली. काही वर्षांनी त्याच अंदाजाने, तेवढाच विचार करून, तेवढेच भरले आणि भाव पडला, तेव्हा त्याच लोकांनी म्हाताऱ्याचा तोल गेला असे म्हटले. दोन्ही वेळा माणूस तोच होता आणि हिशेबही तोच होता.

वहीत आतापर्यंत अकरा नोंदी झाल्या आहेत. सुरुवातीच्या तीन आठवड्यांत आठ, नंतर तीनच. म्हणजे सहासष्ट दिवस तर उलटून गेले, पण सवय अजून लागलेली नाही, आणि दोनशे चोपन्नपर्यंत वाट पाहण्याची माझी तयारी आहे. एका नोंदीचा निकाल लागला. नव्या सुपरवायझरला तीन महिन्यांऐवजी लगेच कायम करण्याचा निर्णय मी घेतला होता आणि ‘काय माहीत नव्हते’ या रकान्यात ‘रात्रपाळीत कसा वागतो’ असे लिहिले होते. तो रात्रपाळीत झोपतो. ते वाचताना मला स्वतःचा जितका राग यायला हवा होता तितका आला नाही, कारण मला काय ठाऊक नव्हते हे निदान मला ठाऊक होते. निर्णय मात्र चुकीचाच होता. जे माहीत नव्हते, ते महिनाभर थांबून फुकट कळणार होते.

शिबिराला पाचपैकी किती चांदण्या, असे कोणी आग्रहाने विचारले, तर पहिल्या दिवसाला एक आणि त्या दोन तासांना पाच, असे मी सांगेन. ज्या कारखानदाराला आपल्या माणसांना थोडे फिरवून आणायचे आहे, चांगले जेवू घालायचे आहे आणि त्यांच्याबरोबर दोन दिवस हसायचे आहे, त्याचे पैसे वसूल होतील. ज्याला निर्णय सुधारायचे आहेत, त्याने आपल्या फोरमनला बरोबर नेल्याशिवाय जाऊ नये. एकटाच गेलो असतो, तर गरुड ऐकून, प्रमाणपत्र घेऊन आणि त्या दोन तासांत शेजारच्या अनोळखी सद्गृहस्थांबरोबर एका काल्पनिक कंपनीची कारणे लिहून मी परत आलो असतो. माझ्या गटात मामा होते, म्हणून ती चिठ्ठी खरी होती.

गेल्या आठवड्यात संस्थेतून फोन आला. याच शिबिराचा ‘प्रगत’ भाग नोव्हेंबरमध्ये महाबळेश्वरला आहे, माणशी अठरा हजार रुपये. मुख्य प्रशिक्षक स्वतः दोन्ही दिवस घेणार आहेत, असे त्यांनी खास सांगितले. मी विचारले की सहायक बाई अर्ध्या दिवसासाठी आमच्या शेडमध्ये येऊ शकतील का, शुल्क काय ते सांगा. तशी सोय आहे, पण किमान पंचवीस माणसे लागतील, असे उत्तर आले. आमच्याकडून नऊ जण निघतात. मी शेजारच्या दोन फाउंड्रींत विचारले, एकाने पाच माणसे द्यायचे कबूल केले, दुसऱ्याने तीन. सतरा झाले. उरलेल्या आठांसाठी मामांनी त्या दोन गल्ल्या सोडून असलेल्या कारखान्यात, आमच्या जुन्या सुपरवायझरांपैकी एकाला विचारून पाहतो, असे सांगितले आहे. मी त्यांना हो म्हणालो, आणि हे बोलणे चालू असताना फोन टेबलाच्या खणात ठेवला होता.